जास्तीचा एक दिवस

या दिवसांत माझा अभ्यास होत नाही. परीक्षा तोंडावर आलेली असते, वही मांडीवर उघडी असते आणि घरात आगोटीची गडबड चालू असते. पावसाचे चार महिने पुरेल असं जे जे घरात भरून ठेवायचं, त्याला आमच्याकडे आगोट म्हणतात. आत्ता मी लिहायला बसले आहे आणि समोर अंगणात आमसुलांसाठी रातांब्यांची सालं वाळताहेत. आई दर थोड्या वेळानं ती गोळा करते, मीठ घातलेल्या रसात बुडवते आणि पुन्हा पसरते. तिचे हात कोपरापर्यंत लाल झालेत. मला ओटीवर बसवून तिनं कोंबड्यांवर लक्ष ठेवायला सांगितलं आहे.

"वाचतेस तर वाच, पन एक डोळा भायेर ठेव गो," असं ती म्हणाली.

त्यामुळे एक डोळा बाहेर आहे. पण अभ्यास होत नाही तो काही कोंबड्यांमुळे नाही. मे महिना लागला आणि हा आंबट वास अंगणभर पसरला की मला बसल्या जागी करमत नाही. मी उठते, माठातलं पाणी पिते, परत येऊन बसते. तीच ओळ तीनदा वाचते. काहीतरी करायचं राहून गेलं आहे असं वाटत राहतं. काय राहिलं आहे ते मला माहीत नव्हतं असं नाही. चांगलं दोन वर्षं माहीत होतं.

लॉकडाऊन लागला तेव्हा मी एफ.वाय.ला होते. आता टी.वाय. संपत आलं. आमची वाडी पोलादपूरच्या वर, हायवेपासून बरंच चढून गेल्यावर लागते. कॉलेज महाडला. सकाळी उतरायचं, फाट्यावर एस.टी.ची वाट बघायची, दुपार टळून गेल्यावर परत चढायचं. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. हे वाक्य लोक कौतुकानं म्हणतात आणि मलाही ते ऐकायला आवडतं, नाही असं नाही. पण त्यात एक अडचण आहे, ती कुणाला सांगता येत नाही. घरी आल्यावर आई विचारते, "गाडी भेटली ना येळेवर?" विचारते, "डबा खाल्लास काय?" कॉलेजात आज काय शिकवलं, असं कुणीच विचारत नाही. विचारायचं नसतं असं नाही. काय विचारायचं तेच माहीत नसतं. मग मीही दप्तर खुंटीला लावून भाकऱ्यांच्या पिठाकडे वळते. दिवसभर ऐकलेलं तसंच आत राहतं.

बाबा मुंबईला. कापडाच्या गोदामात माल चढवणं-उतरवणं त्यांचं काम. राहायला गाळ्यात. गाळा म्हणजे आमच्या वाडीची मुंबईतली खोली. वाडीतले सगळे कामकरी पुरुष तिथं एकत्र राहतात, पाळीपाळीनं स्वयंपाक करतात. बाबा शिमग्याला येतात, गणपतीला येतात आणि जमलं तर मे महिन्यात आठ दिवस. जन्मापासून मी आणि ते एका घरात मिळून किती दिवस राहिलो असू, हे मी एकदा मोजायला घेतलं होतं. मध्येच सोडून दिलं. फोनवर ते म्हणायचे, "बरी हायस ना? आईला दे." एवढंच आमचं बोलणं. त्यात राग नव्हता, काही नव्हतं. रीतच तशी पडली होती.

लॉकडाऊनच्या पहिल्या आठवड्यात काय झालं असेल तर आवाज बंद झाला. कशेडी घाटाच्या चढाला लागणाऱ्या ट्रकांची घरघर आमच्या वाडीत दिवसरात्र येते. इतकी सवयीची की ती आहे हेच आम्ही विसरलो होतो. ती थांबली तेव्हा आई भाकरी थापताना एकदम थबकली आणि म्हणाली, "काय गो झालं?" काही झालं नव्हतं. खालून काही येत नव्हतं, एवढंच. त्या शांततेत पक्षी फार ऐकू यायचे, लोक त्याचं कौतुक करतात. मला मात्र भीती वाटायची. वाटायचं, रस्ता असाच राहिला तर महाड कुठं आणि मी कुठं.

तरी सुख नव्हतं असं म्हणणं खोटं होईल. कॉलेज नव्हतं, गाडी गाठायची नव्हती. आईनं आणि मी त्या महिन्यात जितकं केलं तितकं कधीच केलं नव्हतं. नाचणीचे पापड, तांदळाच्या फेण्या. फणसाचे गरे कुटून तेलाचा हात लावलेल्या परातीत पसरले आणि त्याची पोळी वाळत घातली. तिचा कोपरा रोज थोडा तोडून खायचा आणि आई आली की मुंग्यांवर ढकलायचं. आईला सगळं कळायचं. "या वर्साच्या मुंग्या शिकलेल्या दिसतायत," ती म्हणायची, "बरोबर कोपऱ्यातनं कुरतडतायत." फणसाच्या आठळ्या राखेत पुरायच्या आणि चुलीतून काढून गरम गरम सोलायच्या. बोटं भाजायची. बाजार बंद, सुकी मासळी घेऊन येणारी बाई नाही, म्हणून कालवणात काय घालायचं यावर आम्ही दोघी रोज भांडायचो आणि शेवटी आमसूलच घालायचो.

पण मन कशात लागायचं नाही. बाबा गाळ्यात अडकले होते. तिथं एवढ्या माणसांनी एकाच वेळी आत बसायचं म्हणजे काय, ते आम्हाला फोनवर ऐकूनच घाम फुटायचा. आई फोन ठेवायची आणि पुन्हा फेण्या घालायला बसायची. त्या दिवशीच्या फेण्या वाकड्या व्हायच्या.

मे महिन्यात पास मिळाला आणि बाबा टेम्पोनं आले. त्यांच्याबरोबर शेजारचे काशीकाका. दोघांनाही घरी येता आलं नाही. गावकीनं बैठक घेऊन ठरवलं होतं की मुंबईहून येईल त्यानं चौदा दिवस वाडीच्या शाळेत राहायचं. धोंडूतात्या गावकीचे प्रमुख. त्यांनी स्वतः शाळेच्या अंगणात चुन्याची रेघ मारली. रेघेच्या अलीकडे डबा ठेवायचा आणि मागे सरायचं, मग आतल्यानं येऊन उचलायचा. आरोग्य केंद्राच्या आशाताईंनी दिलेला नियमांचा कागद माझ्याकडे दिला गेला, कारण मी शिकलेली. डबा नेण्याचं कामही माझ्याकडेच आलं.

पहिल्या संध्याकाळी मी डबा ठेवला आणि उभी राहिले. बाबा शाळेच्या ओट्यावर उकिडवे बसले होते. किती वाळले होते.

"बरी हायस ना?" त्यांनी विचारलं.

"हो."

पुढचं वाक्य नेहमी 'आईला दे' असायचं. आई तिथं नव्हती. काशीकाका डब्याचं झाकण उघडून म्हणाले, "बाप-लेकीचं झालं असल तर जेवू काय?"

दुसऱ्या दिवशीही तसंच. तिसऱ्या दिवशी मी गेले तेव्हा बाबा आत वर्गात होते. खिडकीतून दिसत होते. छोट्या बाकावर गुडघे वर करून बसले होते आणि भिंतीवरचा नकाशा बघत होते. मला पाहून बाहेर आले.

"हितंच मी चौथी केली," ते म्हणाले. "मग मुंबईला गेलो." मग जरा थांबून, माझ्याकडे न बघता, "चवथीच्या फुडं काय असतं गो?"

मला वाटलं ते चेष्टा करताहेत. पण चेष्टा नव्हती. मी म्हटलं, "पाचवी असते." काशीकाका हसायला लागले. बाबाही हसले, आणि मग म्हणाले, "तसं नाय. आता तुला काय शिकवतात ते सांग. रोज जातेस ना खाली."

अठरा वर्षांत मला हे कुणी विचारलं नव्हतं. मी रेघेच्या अलीकडे तशीच खाली बसले. मग त्या दिवशी आकाशात ढग होते म्हणून भूगोलातलं सांगितलं. समुद्रावरून वारा येतो, आपल्या डोंगराला अडतो, वर चढतो, गार होतो आणि आपल्याकडेच कोसळतो. घाट ओलांडून बरंच पलीकडे उतरलं की तेच वारे कोरडे होतात, म्हणून तिकडची गावं पाण्यासाठी तरसतात.

"म्हंजे सगळं आपल्याच डोक्यावर ओततो," काशीकाका म्हणाले, "नि पलीकडं रिकामी कळशी घेऊन जातो. आपल्या कौलांनी त्याचं काय वाकडं केलं व्हतं?"

बाबा डोंगराकडे बघत राहिले. बऱ्याच वेळानं म्हणाले, "एवढी वर्सं भिजलो, पन हे ठावं नव्हतं."

मग रोज संध्याकाळी हेच सुरू झालं. मध्ये पंधरा-वीस पावलांचं अंगण, त्यामुळे मोठ्यानं बोलावं लागायचं. मला मोठ्यानं बोलायची सवय नाही. कॉलेजात तर मी शेवटच्या बाकावर असते, हजेरीलासुद्धा माझा आवाज पोचत नाही. पण इथं मी ओरडून मागणी आणि पुरवठा समजावून सांगायचे. बाजार बंद म्हणून फणस झाडाखाली सडताहेत, मग फणसाचा भाव काय होईल?

"ह्ये मला ठावं हाय," काशीकाका म्हणाले. "मी मुंबईला असलो की घरी मला लई मागनी. फोनवर फोन. घरी येऊन चार दिवस झाले की माझा भाव पडतो. बायको ढुंकून बघत नाय."

"तुझा भाव कदी वर व्हता?" बाबा म्हणाले.

बाबा असं पटकन काही बोलतात हे मला माहीत नव्हतं. त्यांचा आवाज हसताना जरा चिरकतो, हेही माहीत नव्हतं. दिवसभर मी वह्या काढून बसायला लागले. आज काय सांगायचं ते शोधायचं, अवघड शब्द काढून टाकायचे. परीक्षेसाठी कधी इतकं नीट वाचलं नव्हतं. संध्याकाळी वेणी घालायचे, तोंड धुवायचे. आई बघायची. "डबा द्यायला चाललीस का लग्नाला?" म्हणायची. पण डब्यात एखादी जास्तीची गोष्ट घालायची आणि परत आले की विचारायची, "आज काय म्हनले?" मी सांगायचे. असं ते बोलणं फिरून घरात यायचं.

आणि दिवस संपत होते. तेच मला खुपत होतं. लोक चौदा दिवस कधी सरतात याची वाट बघत होते आणि माझं उलट चाललं होतं. बाबा घरी यावेत असं मला वाटत नव्हतं का? वाटत होतं. पण घरी आले की हे राहणार नाही अशी धाकधूक होती. घरात आई असेल, येणारे-जाणारे असतील, कामं असतील. ते पुन्हा फोनवरचे बाबा होतील.

आमच्याकडे दिवस मोजायची एक रीत आहे. सुतकाचे दिवस, बाळंतिणीचे दिवस, सगळे ज्या दिवशी घडलं तो दिवस पहिला धरून मोजतात. बाबा रविवारी आले. धोंडूतात्यांनी रविवार पहिला धरला. त्या हिशेबानं शनिवार चौदावा. शुक्रवारी संध्याकाळी तात्या शाळेसमोर आले आणि म्हणाले, "उद्या चवदावा. सकाळी आंघोळ करा नि घरी जा. बास झाली शाळा."

काशीकाकांनी तर पिशवी आधीच बांधली होती. बाबांनी दाढी केली होती. घरी आईनं वड्यांचं पीठ दळून ठेवलं होतं आणि दुपारीच कोंबडा हेरून पाटीखाली झाकला होता. सगळं ठरलं होतं.

आणि मी म्हटलं, "तात्या, अजून एक दिवस बाकी आहे."

मी ते घरच्या बोलीत बोलले नाही. कागदावरच्या भाषेत बोलले. आल्याचा दिवस धरायचा नाही, चौदा दिवस पूर्ण झाले पाहिजेत, असं कागदात लिहिलं आहे, म्हणजे रविवारी. मी कागद उघडून दाखवलासुद्धा.

तात्यांनी कागद लांब धरून पाहिला. "असं व्हय? मग ऱ्हावा आजून एक दिस. पोर शिकलेली हाय म्हनून कळलं. नायतर आपन चूक केली असती."

"अगो बाय," काशीकाका म्हणाले, "माझी पिशवी बांधून झाली! आता गाठ सोडू काय परत?"

बाबांनी फक्त माझ्याकडे पाहिलं. मग रेघेपाशी येऊन डबा उचलला आणि आत गेले.

मी खोटं बोलले नव्हते. कागदात खरंच तसं होतं. म्हणूनच हे जास्त अवघड झालं. खोटं असतं तर कबूल करून मोकळी झाले असते. पण मी नियमासाठी बोलले नव्हते. आदल्या दिवशी, परवा, कधीही सांगता आलं असतं, तेव्हा मी गप्प बसले होते. त्या क्षणी फक्त एवढंच मनात आलं की उद्याची संध्याकाळ गेली. मला ती हवी होती.

घरी आईला सांगितलं. ती पाटीकडे बघत उभी राहिली. "एका दिवसानं काय व्हनार व्हतं गो?" म्हणाली. मग स्वतःच म्हणाली, "ऱ्हावदे. नेमाचं ते नेमाचं." त्या कोंबड्याचं आयुष्य मी एका दिवसानं वाढवलं, बाकी त्यातून कुणाचं भलं झालं नाही.

शनिवारी मी दिवसभर तयारी केली. ही शेवटची संध्याकाळ, म्हणून सगळ्यात चांगलं ते सांगायचं. डबा घेऊन गेले तर ओट्यावर काशीकाका एकटेच.

"आज तास नाय," ते म्हणाले. "विद्यार्थी डोकं दुखतंय म्हनतो."

मी डबा ठेवला. मागे सरले. जरा वेळ उभी राहिले. आत बाबा बाकावर आडवे झालेले दिसत होते, तोंड भिंतीकडे. काशीकाका डबा उचलायला आले तेव्हा हळू म्हणाले, "जा गो. उद्या येतोच हाय घरी." मी गेले नाही लगेच. शाळेमागच्या करवंदीच्या जाळीपाशी जाऊन उगीच करवंदं तोडत राहिले, ओचा भरला, आणि एकही खाल्लं नाही.

रविवारी बाबा घरी आले. वडे झाले, कोंबडा झाला, शेजारपाजारचे येऊन गेले. आणि मला वाटलं होतं तसंच झालं. त्यांनी घराचा पत्रा नीट केला, भाताच्या रोपांसाठी राब भाजलेल्या जागेला कुंपण घातलं, लाकडं फोडली. एकदा आईला ताप आला तर चुलीपाशी बसून गाळ्यातली डाळ केली, लसणाची, एवढी तिखट की आई तापातही म्हणाली, "मुंबईत हेच खाता? तरीच रडत घरी येता." त्या दिवशी आम्ही पोट धरून हसलो. पण माझ्याशी ते बोलेनात. मी ओटीच्या या टोकाला वही घेऊन बसले की ते त्या टोकाला जाऊन बसायचे. मी चहा नेला तर म्हणायचे, "ठेव तिथं." मी लांब गेल्यावर उचलायचे. त्यांनी आपला पेला आणि ताट वेगळं ठेवलं होतं, स्वतः घासायचे. मला वाटलं, गाळ्यातली सवय. आणि मनात कुठंतरी वाटायचं, हा राग आहे. एका दिवसाचा.

दोन-तीनदा मी सांगायला गेले होते. "बाबा, त्या दिवशी..." एवढं तोंडात आणून परत फिरले. काय सांगणार? की मी तुम्हाला मुद्दाम बाहेर ठेवलं? ऐकायला किती वाईट वाटतं ते. घरात मी या खोलीतून त्या खोलीत फिरत राहायचे. आई म्हणायची, "बस गो एका जागी, भवऱ्यासारखी काय फिरतेस." गणपती झाले आणि बाबा परत मुंबईला गेले. फोन सुरू झाले. "बरी हायस ना? आईला दे."

मग माझी परीक्षा मोबाइलवर झाली, वरच्या माळावर जिथं रेंज येते तिथं बसून. मग कॉलेज उघडलं, पुन्हा बंद झालं. पुढच्या वर्षीच्या पावसानं, पुरानं आणि दरडींनी आमच्या भागात काय केलं ते सगळ्यांना माहीत आहे, त्याबद्दल लिहायला माझा हात अजून धजत नाही. एवढं सगळं होऊन गेलं तरी तो एक शनिवार माझ्यात तसाच होता. मोठ्या गोष्टींपुढे तो किती लहान होता हे मला कळत होतं. पण लहान आहे म्हणून तो गेला नाही.

परवा बाबा पाच-सहा दिवसांसाठी आलेत. काल आम्ही दोघं पडवीत लाकडं रचत होतो. ते फोडलेली ढलपी उचलून द्यायचे, मी भिंतीला लावून थर करायचे. आई पाणी आणायला गेली होती. माझी पाठ त्यांच्याकडे होती, कदाचित म्हणूनच बोलता आलं.

"बाबा, त्या दिवशी तात्या तुम्हाला सोडत होते. शाळेतून. मी एक दिवस वाढवला."

"कंच्या दिवशी?" ते म्हणाले. मग आठवलं. "हां. मग? तुझं बरोबर व्हतं. कागदातच तसं व्हतं."

"कागदासाठी नाही बोलले मी." "मला अजून एक संध्याकाळ पाहिजे होती. तुम्ही घरी आल्यावर विचारणार नाही असं वाटलं. म्हणून."

मागून लाकूड आलं नाही. मी हात तसाच पुढे करून उभी. मग वळून पाहिलं. ते हातातल्या ढलपीची साल काढत होते.

"मला वाटलं, पोरीला भ्या वाटतंय," ते म्हणाले. "मुंबईचा आजार घेऊन आलाय म्हनून घरात नको वाटतोय. तुझं खोटं नव्हतं, लोकं मरत व्हती. म्हनून मग मी लांबच बसायचो. पेलाबी येगळा ठेवला. म्हटलं, उगा हिच्या जवळ कशाला जा."

दोन वर्षं मी ज्याला राग समजत होते तो राग नव्हता. ते मला जपत होते. ओटीच्या त्या टोकाला बसून.

"असं कशाला मनात ठेवलंस गो?" ते म्हणाले. "येडी हायस."

"तुम्ही पण ठेवलंत की."

"मी पन येडाच." त्यांनी लाकूड दिलं. मी लावलं. असे चार-पाच थर झाले. मग ते म्हणाले, "गाळ्यात मला आता मास्तर म्हनतात, ठावं हाय? काशीनं सुरू केलंय. भाकऱ्या करायची माझी पाळी असली की पोरं म्हनतात, मास्तर, आज काय? मी तुझंच सांगतो. ते वाऱ्याचं सांगितलं. फणसाचं सांगितलं. एकदा ते लेण्यांचं सांगितलं, महाडच्या जवळचं. खाडीतनं माल यायचा, बैलांवर लादून घाटानं वर न्यायचे, जुन्या काळापास्नं. तू सांगितलं व्हतंस ना?"

सांगितलं होतं, सहाव्या का सातव्या दिवशी. मी विसरून गेले होते.

"तर त्यातल्या एकानं इचारलं," बाबा म्हणाले, "ते व्यापारी असे वर्सवर्स बाहेर असायचे, तर त्यांची बायका-पोरं कुठं ऱ्हायची? आनि ते घरी कदी जायचे? मला काय सांगता आलं नाय. म्हटलं, इचारून सांगतो. ते तसंच ऱ्हायलं."

"मग फोनवर विचारायचं ना."

"फोनवर काय असलं इचारायचं."

मी आठवायला लागले. नोट्समध्ये नाही. पुस्तकात बंदरांची नावं आहेत, मालाची यादी आहे, लेण्यांना कुणी किती दान दिलं तेही आहे. घरी कोण होतं, ते नाही. परीक्षेला हा प्रश्न कधी आलेला नाही आणि माझ्या मनातही कधी आला नव्हता.

"मला माहीत नाही, बाबा," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. शेवटची ढलपी माझ्या हातात दिली, दोन्ही हात झटकले आणि पायरीवर बसले. मला बसायला शेजारी जागा ठेवली.

"मग बघून सांग," ते म्हणाले. "सोमवारपातूर हाय मी."

आज शुक्रवार. माझा पेपर मंगळवारी आहे, आणि तो अर्थशास्त्राचा आहे. उद्या सकाळच्या पहिल्या गाडीनं मी महाडला जाणार आहे. कॉलेजची लायब्ररी शनिवारी अर्धाच दिवस उघडी असते.